मुलांजेच्या ओढ्यावर 100 किलोवॅट? आधी ऑक्टोबरचं पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा. मलावीत मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी नळपाणी योजनेवर काम करणाऱ्या, मूळच्या सांगलीकडच्या एका अभियंत्याने विचारलं आहे: जवळच्या ओढ्याला 60 मीटर पडती उंची मिळते, गावात 400 च्या आसपास घरं आहेत, सरकारी वीज अजून पोचलेली नाही. एका पुरवठादाराने मार्चमध्ये ओढा पाहून 100 किलोवॅटच्या संचाचा प्रस्ताव दिला आहे. तो घ्यावा का? घेतला तर कुठे चुकू शकतं?

एवढ्या माहितीवर घेऊ नका. तुमच्या प्रश्नातला 'मार्च' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. मलावीत पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे मार्चमध्ये ओढा भरून वाहत असतो. पुढे जून-जुलैत मुलांजेच्या आग्नेय उतारावर चिपेरोनी येतो, दिवसेंदिवस रेंगाळणारं धुकं आणि बारीक रिपरिप. त्याने तिकडचे ओढे आणि चहाचे मळे तग धरतात. खरी परीक्षा ऑक्टोबरअखेर ते नव्या पावसाच्या पहिल्या सरीपर्यंत असते. त्या दिवसांत ओढ्यात जे पाणी असेल तेवढीच तुमची योजना. बाकीचं पाणी पाहुणं.

तेव्हा एक ऑक्टोबर मोजण्यासाठी राखून ठेवा. ओढ्यावर 1 मीटर रुंदीची आयताकृती खाच असलेली फळी आडवी बसवा, कडेने आणि तळातून पाणी झिरपणार नाही अशी चिखलाने लिंपून घ्या. पाण्याची पातळी खाचेच्या कडेच्या 17.5 सेंटिमीटर वर असेल तर विसर्ग, म्हणजे वाहणारं पाणी, सेकंदाला साधारण 130 लिटर आहे. नव्वद अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेत याच विसर्गाला 39 सेंटिमीटर उंची दिसेल. ही उंची खाचेवर मोजायची नाही, कारण तिथे पाणी आधीच वाकून खाली उतरलेलं असतं. खाचेवरच्या पाण्याच्या उंचीच्या तीन-चार पट अंतर मागे, संथ पाण्यात खुंटी ठोकून मोजा. व्ही खाचेत उंची 10 टक्के चुकली तर विसर्ग 25 टक्क्यांहून जास्त चुकतो. फळी बसवायला जागाच नसेल इतका ओढा दगडगोट्यांचा असेल, तर मिठाची पद्धत वापरा. वजन केलेलं मीठ बादलीत विरघळवून एकदम ओतायचं आणि 50 ते 100 मीटर खाली पाण्याची विद्युतवाहकता दर पाच सेकंदांनी लिहीत जायचं. खळाळत्या डोंगरी पाण्यात हीच पद्धत सगळ्यात भरवशाची. लाकडाचा तुकडा सोडून वेग काढणं हा नुसता अंदाज झाला, त्यावर यंत्र मागवू नये.

पडती उंचीही स्वतः मोजा. मोबाईलवरचा जीपीएस उंचीत सहज 10-15 मीटर इकडेतिकडे दाखवतो. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हलची नळी आणि दोन माणसं पुरतात. एकदा वरून खाली, एकदा खालून वर मोजा. दोन्ही आकडे जुळले की मगच वहीत लिहा.

आता हिशोब. समजा ऑक्टोबरअखेर 130 लिटर भरले. त्यातले 30 ओढ्यात सोडायचेच आहेत. खाली माणसं पाणी भरतात, गुरं पितात, आणि कोरड्या दिवसांत ओढ्याकाठी दिंबा, म्हणजे ओलाव्यावरचे भाजीचे मळे असतात. राहिले 100. पाईपातलं घर्षण वजा जाता 60 मीटरचे 57 उरतात. या आकाराच्या संचासाठी सोपं गणित: लिटर गुणिले मीटर भागिले 160. उत्तर 36 किलोवॅट. 100 किलोवॅटला सेकंदाला 280 लिटर लागतील. म्हणजे तो संच वर्षातले काही महिने पूर्ण चालेल आणि गावाला विजेची सवय लागल्यावर, नेमका सगळ्यात कोरड्या दिवसांत, मान टाकेल.

मग 36 किलोवॅट 400 घरांना पुरतील का? संध्याकाळी दिवे, मोबाईल, रेडिओ, काही घरांत टीव्ही धरून घरटी सरासरी 70 वॅट धरा. झाले 28 किलोवॅट. दुकानं, दवाखाना आणि तारांमधली गळती मिळून 32-33. पुरतात, पण घरात हॉटप्लेट येईपर्यंतच. लाकूड आणि कोळसा महाग होत चालले आहेत, त्यामुळे वीज आली की हॉटप्लेट येणारच, आणि त्यात आणणाऱ्याची काही चूक नाही. पण हजार-बाराशे वॅटच्या वीस हॉटप्लेट एकदम लागल्या की सगळं गाव अंधारात जातं. म्हणून प्रत्येक जोडणीवर पहिल्या दिवसापासून मर्यादा घाला, 1 अँपियरचा एमसीबी किंवा ठरावीक वॅटनंतर तोडणारा प्रीपेड मीटर. नंतर मर्यादा घालायला गेलात तर ती लोकांना शिक्षा वाटते.

यंत्रापेक्षा जास्त लक्ष मी पाणी उचलण्याच्या जागेकडे देईन. अशा योजना बंद पडतात त्या बहुतेक वाळू, दरड आणि फुटलेला पाट यांच्यामुळे. टर्बाइन क्वचितच कारण असतं. उंच बंधारा बांधू नका. पहिल्याच पुरात त्याच्या पाठीमागे गोटे भरतात आणि मग तो दगड अडवायच्या कामाचाच उरतो. पक्क्या कातळाचा आधार बघा, वळणाची बाहेरची बाजू निवडा (आतल्या बाजूला वाळू साठते), गुडघाभर उंचीचा बांध घाला आणि पाणी बाजूच्या खिडकीतून घ्या. खिडकी मुद्दाम लहान ठेवा, म्हणजे पूर आला तरी पाटात मोजकंच पाणी शिरेल, आणि जे जास्त शिरेल त्यासाठी पहिल्या 10-15 मीटरांतच सांडवा काढा. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळात मुलांजे आणि फालोम्बे भागात डोंगर खाली आला, हे तुम्ही तिथे राहून जाणताच. त्या ताकदीपुढे टिकेल असा बंधारा गावाला परवडत नाही. तेव्हा बंधारा असा बांधा की वाहून गेला तर गावच्या गवंड्याला दोन आठवड्यांत पुन्हा उभा करता येईल. सिमेंट आणि पोलाद वाचवायचं ते वीजघरासाठी. ते फ्रेडीच्या पुराच्या खुणेच्या वर असलंच पाहिजे, मग त्यासाठी दोन मीटर पडती उंची गेली तरी चालेल.

त्यानंतर गाळटाकी. पैसे कमी पडले की ठेकेदार हीच आधी गाळतो, आणि वर्षभराने टर्बाइनचा रनर (पाण्याने फिरणारं चाक) काढून बघितला की पात्यांच्या कडा करवतीसारख्या झालेल्या असतात. 0.3 मिलिमीटरचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर खाली बसतो. या वेगावरून 100 लिटरसाठी टाकीचं क्षेत्रफळ निघतं साडेतीन चौरस मीटर. खळखळाट धरून ते दुप्पट करा. 1.8 मीटर रुंद आणि 4 मीटर लांब टाकी पुरते. शिवाय दोन्ही टोकांना निमुळता भाग हवा, नाहीतर पाणी मधूनच सरळ निघून जातं. आता गाळ किती जमतो ते बघा. पावसाळ्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम गाळ धरला, आणि गढूळ पाण्यात तो याहून जास्त असतो, तर 12 तासांत 4,320 घनमीटर पाण्यातून 2,160 किलो गाळ येतो. म्हणजे दीड घनमीटरच्या वर, बैलगाडीभर. त्याला मावेल इतकी जागा तळाशी ठेवा आणि उताराच्या खालच्या टोकाला मोठ्या तोंडाची धुवायची झडप बसवा. पावसात ती दिवसातून दोनदा उघडावी लागेल. फावड्याने उपसावी लागणारी टाकी महिन्याभरानंतर कुणी उपसत नाही. उघडली की दहा मिनिटांत स्वतः धुऊन निघते ती टाकी वर्षानुवर्षं चालते.

आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो, तसा माणूस इथेही हवा. पगारी. रोज सकाळी पाटाच्या कडेने चालत जाणं, जाळीतला पालापाचोळा ओढणं, खेकड्यांची बिळं बुजवणं, वरून घसरलेली माती काढणं एवढंच त्याचं काम. पाट 1:500 उताराचा, 45 सेंटिमीटर रुंद, 40 सेंटिमीटर पाणी आणि वर 15-20 सेंटिमीटर कोरा काठ, असा ठेवलात तर साधारण 100 लिटर वाहतात. उतार याहून कमी केला तर गाळ बसतो, फार वाढवला तर मातीचा तळ खरवडला जातो. सैल मातीच्या भागात पाट काढूच नका, तिथे पाईप टाका. पाट झिरपला की खालचा उतार भिजतो आणि सगळाच घसरतो.

पेनस्टॉकचा, म्हणजे पाणी टर्बाइनपर्यंत उतरवणाऱ्या पाईपाचा, व्यास निवडताना लोक पाईपाची किंमत बघतात, घर्षण बघत नाहीत. लांबी 180 मीटर धरली तर आतून 200 मिलिमीटरच्या पाईपात 7 ते 8 मीटर उंची घर्षणात जाते. 250 च्या पाईपात अडीच ते तीन. हा फरक 3 किलोवॅटचा आहे, चाळीस घरांच्या दिव्यांचा, आणि तो योजनेच्या आयुष्यभर राहतो. 250 घ्या.

दुसरा धोका पाण्याच्या तडाख्याचा. पाईपात पाणी सेकंदाला 2 मीटर वेगाने धावत असताना झडप झटकन बंद झाली, तर पीव्हीसी पाईपात 70 मीटरच्या आसपास जादा दाब उसळतो. मूळचे 60 धरून 130. दहा बारचा पाईप 100 मीटरपर्यंतच हमी देतो. लोखंडी पाईपात तर उसळी 200 मीटरपर्यंत जाते. म्हणून खाली दांडी फिरवून एका झटक्यात बंद होणारी झडप नको, चाक फिरवत बंद करायची गेट झडप घ्या, आणि ऑपरेटरला शिकवा की ती बंद करायला किमान अर्धा मिनिट लागलाच पाहिजे. पाईपाच्या तोंडाशी, फोरबेच्या (पाट संपतो तिथल्या टाकीच्या) दारालगत हवेची उभी नळी ठेवा. नाहीतर वरचं दार बंद केल्यावर आतलं पाणी निघून जातं, पोकळी तयार होते आणि पातळ पाईप चिरडला जातो. पीव्हीसी उन्हात ठेवू नका, कडक होऊन तडकतो. तो जमिनीत गाडा, आणि प्रत्येक वळणावर काँक्रीटचा ठोकळा घाला.

टर्बाइनसाठी 57 मीटर आणि 100 लिटर ही क्रॉसफ्लो प्रकारच्या टर्बाइनची जागा आहे. कार्यक्षमता 70-75 टक्के, पण पाणी निम्म्यावर आलं तरी ती फारशी ढासळत नाही, आणि वेल्डिंग-लेथवाल्या बऱ्या कारखान्यात रनर दुरुस्त होतो. तुम्ही सांगलीचे, म्हणजे उलटा चालवलेला सेंट्रिफ्युगल पंप तुमच्या मनात आलाच असेल. चालतो, आणि स्वस्तही पडतो. मात्र पंपाच्या पाटीवरचा आकडा टर्बाइनचा आकडा नसतो. 100 लिटर आणि 57 मीटरवर टर्बाइन म्हणून चालवायला पंप म्हणून साधारण 80 लिटर आणि 42 मीटरचा लागेल. पंपात पाणी नियंत्रित करणारी पाती नसतात, त्यामुळे विसर्ग कमी झाला की उत्पादन कोसळतं. बारमाही स्थिर ओढा असेल तरच हा मार्ग घ्या. खालीवर होणाऱ्या ओढ्यावर एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान लावले, तर ऑक्टोबरात एक बंद ठेवता येतो.

जनित्र सिंक्रोनस घ्या, 60 केव्हीएचं. 36 किलोवॅटला 45 केव्हीए पुरतं असं कागद सांगतो. पण लोड कंट्रोलर विजेच्या लहरींचा आकार बिघडवतो, गिरणीची मोटर सुरू होताना झटका देते, आणि तापलेलं जनित्र लवकर जातं. पाणी कमी-जास्त करून वेग राखणाऱ्या गव्हर्नरच्या जागी इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर पुरे: टर्बाइन कायम पूर्ण चालते आणि गाव वापरत नाही ती वीज कंट्रोलर हीटरमध्ये वळवतो, त्यामुळे वारंवारता 50 हर्ट्झवर राहते. हीटरची क्षमता जनित्रापासून निघणाऱ्या कमाल विजेच्या किमान 110 टक्के ठेवा. हीटरचे दोन एलिमेंट जळाले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर रात्री गाव झोपल्यावर वेग वाढत जातो आणि वाढलेल्या व्होल्टेजने गावातले टीव्ही जातात. जादा वेगाला संच आपोआप थांबवणारी सोय हवीच. क्रॉसफ्लो मोकळी सुटली तर 1.8 पट वेगाने धावते. तेवढा वेग जनित्राचं रोटर सोसेल, असं पुरवठादाराकडून लेखी घ्या.

तारांकडे दुर्लक्ष होतं. 400 व्होल्टवर 50 चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पिळलेल्या केबलने 10 किलोवॅट 1 किलोमीटर नेले तर साडेचार टक्के व्होल्टेज गळतं, 20 किलोवॅट नेले तर नऊ टक्के. गाव त्यापुढे पसरलं असेल तर 11 केव्हीची लाइन आणि ट्रान्सफॉर्मर हिशोबात धरा. खांब निलगिरीचे मिळतात, पण दाबाखाली औषध भरलेलेच घ्या. नुसतं डांबर फासलेला खांब वाळवी जमिनीच्या पातळीवर पोखरते आणि वरून तो धडधाकट दिसत राहतो. मुलांजेच्या विजा जोरदार पडतात. लाइनच्या दोन्ही टोकांना अरेस्टर (पडलेली वीज जमिनीत वळवणारं उपकरण) आणि वीजघरात चांगलं अर्थिंग नसेल तर पहिल्या पावसात जनित्राचा एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, जातो.

आता सगळ्यात अवघड भाग, दिवसाची वीज. 36 किलोवॅट दिवसभरात 864 युनिट देतात. दिवे-टीव्हीवाली संध्याकाळ त्यातले 130-150 युनिट घेते. उरलेली वीज हीटरमध्ये जळते आणि पैसा देत नाही. एवढ्या विक्रीवर पाटकरी, दोन ऑपरेटर आणि वायरमन यांचे पगार निघत नाहीत. म्हणून दिवसाचं गिऱ्हाईक आधी शोधा. गावातली चिगायो, म्हणजे मक्याची गिरणी, हे पहिलं. नसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं जेवण, रोज होतो, त्यामुळे पीठ रोज लागतं, आणि डिझेलची गिरणी महाग चालते. 11 किलोवॅटची मोटर सकाळी आठ ते चार चालली तर रोज 88 युनिट, म्हणजे संध्याकाळच्या सगळ्या घरांच्या निम्म्याहून जास्त वीज, एकटी घेऊ शकते. फक्त ती थेट चालू करू नका. सुरुवातीचा प्रवाह सहा-सात पट असतो, लहान जनित्र तो सोसत नाही. मोटर हळूहळू वेगात आणणारा व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर लावा, आणि गिरणी चालवण्याची वेळ करारात लिहा. त्यानंतर वेल्डिंग, सुतारकाम, आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज. गिरणीवाल्याचा लेखी होकार हातात आल्याशिवाय मी यंत्राची ऑर्डर देणार नाही.

पैशाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. वसुली क्वाचात, म्हणजे मलावीच्या चलनात, होते, पण बेअरिंग, एव्हीआर, कंट्रोलरचं कार्ड डॉलरमध्ये येतं. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाचं 44 टक्के अवमूल्यन झालं. बँकेत दुरुस्तीनिधी म्हणून साठवलेल्या रकमेत त्यानंतर आधीपेक्षा खूपच कमी सामान येऊ लागलं. म्हणून निधीचा मोठा भाग सुट्या भागांच्या रूपाने कुलपात ठेवा: बेअरिंगचे दोन संच, पट्ट्यांचे दोन संच, दोन एव्हीआर, कंट्रोलरचं एक पूर्ण कार्ड, हीटरचे एलिमेंट, सील. दरही ठरावीक काळाने आपोआप बदलेल असं ग्राहकांशी करारात ठेवा. उधारीवर गाव चालवू नका. प्रीपेडमुळे वसुली करणाऱ्यावर येणारा वाईटपणा तरी वाचतो.

परवानग्या चार ठिकाणी लागतील: पाण्याचा हक्क राष्ट्रीय जलसंपदा प्राधिकरणाकडून, विजेचा परवाना मेराकडून (ऊर्जा नियामक प्राधिकरण), पर्यावरणाचं काम मेपाकडे (पर्यावरण संरक्षण प्राधिकरण), आणि उचलण्याची जागा राखीव जंगलात असेल तर वनखात्याकडे. मुलांजे 2025 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, तेव्हा डोंगरावर पाट खणणं आता आणखी जपून करावं लागेल. तिथल्या लोकांसाठी त्या डोंगरात पूर्वजांचे आत्मे आहेत. गावप्रमुख आणि जाणती माणसं यांच्याबरोबर जागा चालून घ्या. हे सगळं घडलेलं पाहायला लांब जायला नको. तुमच्याच जिल्ह्यात बोंडोला मुलांजे इलेक्ट्रिसिटी जनरेशन एजन्सी, म्हणजे मेगा, लिचेन्या नदीवर अशीच वीज तयार करून गावांना विकते. दोन दिवस तिथल्या ऑपरेटरबरोबर घालवा. व्यवस्थापकापेक्षा त्यालाच विचारा की मागच्या पावसाळ्यात संच किती दिवस बंद होता आणि कशामुळे.

सरकारी तारा उद्या आल्या तर काय, हाही प्रश्न आत्ताच सोडवायचा. टांझानियाने 2008 पासून लहान वीजउत्पादकांसाठी नियम केले, आणि ग्रिड आल्यावर योजनेने त्याच तारांवर वीज विकावी असा मार्ग ठेवला. तिथल्या मुफिंडीतली 4 मेगावॅटची म्वेंगा योजना टॅनेस्को या सरकारी वीज कंपनीला वीज विकते आणि आसपासच्या खेड्यांनाही देते. तुमच्या परवान्यात असं कलम घालून घ्या, आणि पॅनेलमध्ये समक्रमणाचं, म्हणजे आपली वीज ग्रिडच्या विजेशी जुळवून घेणारं, उपकरण पुढे बसवता येईल इतकी मोकळी जागा ठेवा. मोठी वीज आली की लहान योजना निरुपयोगी होते असंही नाही. जानेवारी 2022 मध्ये ॲना वादळाने मलावीतला कापिचिराचा 129.6 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प बंद पाडला तेव्हा देशभर महिनोन् महिने अंधार वाढला होता.

पुरवठादाराला नवीन पत्र लिहा. 35 किलोवॅटची क्रॉसफ्लो मागा, 57 मीटर निव्वळ उंची आणि 100 लिटर विसर्गाला हमी दिलेली, आणि 50 लिटरला किती वीज मिळेल तो आकडाही वेगळा लिहून मागा. रनर, बेअरिंग आणि कंट्रोलर कार्ड यांच्या किमती स्वतंत्र ओळींत हव्यात. ब्लँटायर शहरात त्यांचा दुरुस्ती करणारा माणूस आहे का, तेही विचारा. उत्तर येईपर्यंत फळी आणि खुंटी घेऊन ओढ्यावर जा. ऑक्टोबरअखेरपासून पहिला पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला, सकाळी एकाच वेळी, मोजून वहीत लिहा.